नाताळच्या सुट्टीत राहत्या बोटीच्या तळाशी पाणी साठते आहे. उघडून पाहावे की थांबावे?

पाणघर
२० डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेल्या एप्रिलपासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीतल्या एका मरीनात (बोटी बांधून ठेवण्याच्या लहान बंदरात) शिडाच्या बोटीवर राहतो. बोट ३४ फुटी, फायबरग्लासची, १९८८ साली बांधलेली आहे. हिवाळा पाण्यावर काढण्याची आमची ही पहिलीच वेळ. त्यातच सांगलीहून माझे आई-बाबा सहा आठवड्यांसाठी आले आहेत, त्यामुळे दोन माणसांच्या बेताने चालणाऱ्या बोटीवर सध्या चौघांचा संसार मांडलेला आहे.

मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास बिल्जचा पंप आपोआप सुरू झाल्याच्या आवाजाने मला जाग आली. (ज्यांना बोटींची माहिती नाही त्यांच्यासाठी: बिल्ज म्हणजे फरशीखालचा सर्वांत खोलगट भाग, आत आलेले पाणी, मग ते कोठूनही आलेले असो, शेवटी तेथेच उतरते.) उन्हाळ्यात हा पंप आठवड्यातून एखाद्या वेळी चालत असे, आता तो दिवसरात्रीत पाच-सहा वेळा चालतो. गुरुवारी मी बिल्ज स्पंजने कोरडे टिपले, पंपाचा स्वयंचलित खटका बंद केला आणि चोवीस तासांनी साठलेले पाणी मगाने मोजले, तेव्हा ते तीन लिटरांच्या आसपास भरले. पाणी गढूळ आहे आणि त्याला डिझेलचा किंचित वास येतो, म्हणून चव घेऊन पाहण्याचे धाडस केले नाही. भरतीच्या वेळी ते अधिक येते असे मला वाटते, पण ते मोजून म्हणत नाही.

माझा संशय स्वयंपाकघरातल्या सिंकच्या सी-कॉकवर आहे. सिंकचे सांडपाणी जेथून बाहेर जाते तो ३८ मिलिमीटरचा झडपेचा नळ पाण्याच्या पातळीपासून सुमारे अर्धा मीटर खाली आहे; त्यावर हिरवट थर चढला आहे आणि त्याचा दांडा जागचा हलत नाही. बुधवारी बोटयार्डातला एक कारागीर येऊन पाहून गेला. 'पाइप लावून जोर दिला की सुटेल, नाही सुटला तर जानेवारीत बदलू,' असे सांगून तो सुट्टीवर गेला. यार्ड बुधवारी, २४ तारखेला दुपारी बंद होईल आणि सोमवारी, ५ जानेवारीला उघडेल. बोट उचलणारी क्रेनही तोपर्यंत बंदच राहणार. तेव्हा उद्या रविवारी दांड्याला लोखंडी नळी अडकवून तो सी-कॉक स्वतःच सोडवावा आणि झडप नीट बसते का ते पाहावे, असा माझा बेत आहे.

दुसरी अडचण डिझेलवर चालणाऱ्या हीटरची. गुरुवारपासून तो पेटत नाही. पंखा फिरतो, दोन-तीन मिनिटांनी बाहेरच्या नळीतून पांढरा धूर येतो आणि मग तो बंद पडतो. आई-बाबांसाठी म्हणून विजेवर चालणारे दोन हीटर आणले आहेत, त्यांवर सध्या भागते आहे, पण रात्री दोनदा पाँटूनवरचा (बोट बांधलेल्या तरंगत्या धक्क्यावरचा) ब्रेकर पडला. पहाटे चार वाजता दंव पडलेल्या फळ्यांवरून चालत जाऊन तो वर करावा लागला. आई काही बोलत नाही, परंतु 'जमिनीवरची घरे किती महाग असतात रे इकडे?' हा प्रश्न तिने या आठवड्यात तीनदा विचारला आहे.

सी-कॉकच्या बाबतीत माझा बेत योग्य आहे का आणि हीटरचे निदान यार्डाशिवाय मला करता येईल का, हे कृपया कोणी सांगावे.

सागरगोटा
२१ डिसेंबर, सकाळी ७.१५

मी सदतीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि आता रत्नागिरीला असतो. शिडाच्या बोटीवर मी कधी राहिलेलो नाही हे आधीच सांगतो. पण पाणी आत येण्याचे नियम जहाजाचा आकार पाहून बदलत नाहीत.

सर्वप्रथम, त्या सी-कॉकला हात लावू नका. तुमच्या म्हणण्याप्रमाणे भोक ३८ मिलिमीटरचे आणि अर्धा मीटर खोल आहे. जोर दिल्यावर दांडा सुटण्याऐवजी जुना धातू मुळाशी तुटला, तर त्या भोकातून मिनिटाला सुमारे सव्वाशे लिटर पाणी आत येईल. लहान बोटींवरच्या बिल्ज पंपावर बहुधा ताशी दोन हजार लिटरांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, म्हणजे मिनिटाला तेहतीस लिटर. तोही आकडा पाणी उंच न चढवता मोजलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी उपसले जाते. चार-पाच मिनिटांत पाणी फरशीवर येईल. आज तुमच्याकडे चोवीस तासांत तीन लिटरांची अडचण आहे. ती सोडवायला जाऊन मिनिटाला सव्वाशे लिटरांची अडचण विकत घेण्यात शहाणपण नाही. पितळेतले जस्त समुद्राच्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. वरून ते धड दिसते, पण हातोडीच्या एका टोल्याने खडूसारखे फुटते. हिरव्या थराला मी फारसा घाबरत नाही. थर खरवडल्यावर खाली गुलाबी छटा दिसली तर मात्र घाबरावे, आणि ते खरवडण्याचे कामही बोट जमिनीवर आल्यानंतरचे आहे.

आता भरतीविषयी. तुमची बोट तरंगते आहे, पाँटूनही तरंगते आहे. भरती आली की दोन्ही वर जातात, ओहोटीला खाली येतात, पण बोटीचा जेवढा भाग पाण्यात बुडालेला असतो तेवढाच राहतो. बोट ओहोटीला चिखलात टेकत नसेल, तर तळाच्या भोकावरचा दाब भरती-ओहोटीने बदलत नाही आणि त्यातून येणारे पाणीही बदलत नाही. तेव्हा पाणी ठरावीक वेळी अधिक येते हे तुमचे निरीक्षण खरे असेल, तर ते वेळापत्रक समुद्राचे नसून घरातल्या माणसांचे असण्याचा संभव अधिक आहे. ही शक्यता मनात ठेवून पुढचे करा.

पाणी खारे आहे की गोडे, हे चव न घेता ठरवता येते. स्टीलचा एक मोठा चमचा घ्या, त्यात बिल्जचे पाणी कापडातून गाळून भरा आणि गॅसच्या मंद आचेवर पूर्ण आटू द्या. दुसऱ्या चमच्यात नदीचे पाणी आणि तिसऱ्यात पिण्याच्या टाकीतले पाणी घेऊन तेच करा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे चमचाभर पाणी आटले तरी बोटाला खरखरीत लागेल असा पांढरा थर उरतो. तुमच्याकडचे नळाचे पाणी खडूच्या थरातून येणारे, जड आहे, तेव्हा त्याचाही पुसटसा डाग पडेल. म्हणून तीन चमचे शेजारीशेजारी ठेवून पाहणे महत्त्वाचे. पाण्यात डिझेल असल्याने हे काम बोटीच्या आत न करता बाहेर उघड्यावर करा.

जहाजावर आम्ही प्रत्येक बिल्जची पातळी ठरल्या वेळी मोजून वहीत लिहीत असू. तुम्हीही वही घाला आणि दर सहा तासांनी मोजा. शेजारी दुसऱ्या रकान्यात त्या सहा तासांत कोणी आंघोळ केली, भांडी केव्हा घासली, पाणी केव्हा तापवले हे लिहा. मग प्रत्येक नळीच्या सांध्याखाली कोरड्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. पाणी कितीही बारीक ठिबकत असले तरी कागद चुगली करतो. शाफ्ट (इंजिनाकडून बाहेरच्या पंख्याकडे जाणारा दांडा) जेथून बाहेर जातो तेथील ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारे वेष्टण, विसरू नका. इंजिन बंद असताना तेथून थेंबही येता कामा नये.

आमच्याकडे मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या दुरुस्तीचा हंगाम पावसाळ्यात असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि सुतारापासून इंजिनवाल्यापर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर. सुट्टी होडीला असते, कारागिरांना नसते. तुमच्याकडे नेमके उलटे झाले आहे: होडी पाण्यात आणि कारागीर सुट्टीवर. अशा दिवसांत बोटीवर जे तुम्हाला पुन्हा बंद करता येईल याची खात्री नाही, ते उघडू नये.

पाणकोंबडी
२१ डिसेंबर, दुपारी १.०५

काकांनी सी-कॉकविषयी लिहिले आहे त्यात एवढीच भर घालते की प्रत्येक सी-कॉकशेजारी त्या मापाचे, मऊ लाकडाचे निमुळते बूच दोरीने बांधून ठेवा आणि सोबत एक हातोडी. दुकान मंगळवारपर्यंत उघडे आहे, आणि ही बुचे सी-कॉकच्या किमतीपुढे काहीच नाहीत. मरीनाच्या कार्यालयात आजच विचारून घ्या की सुट्टीत रात्रपाळीला कोण असते, त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारा उपसापंप आहे का, आणि असल्यास तो कोणत्या खोलीत कुलुपात ठेवतात. खरी वेळ आली तर ९९९ वर कोस्टगार्डला किंवा व्हीएचएफच्या (बोटीवरच्या रेडिओच्या) १६ क्रमांकाच्या चॅनलवर कळवायचे, हे तुम्हाला माहीत असेलच, पण आई-बाबांनाही दाखवून ठेवा. संकट आले तेव्हा तुम्ही दोघे बाजारात असाल, असे नेमके घडते.

मी व माझ्या नवऱ्याने नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडमध्ये पाच हिवाळे बोटीवर काढले. त्या काळात डिझेल हीटरने आम्हाला जेवढे रडवले तेवढे दुसऱ्या कशानेही नाही. तुमचे वर्णन वाचून मला हीटरपेक्षा तुमच्या विजेच्या हिशेबावर संशय येतो. पाँटूनवरचे निळे प्लग बहुतेक ठिकाणी १६ अँपिअरचे असतात. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ३,६८० वॉट मिळतात. दोन हीटर प्रत्येकी दोन हजार वॉटचे असतील तर त्यांचीच बेरीज चार हजार होते, आणि पाणी तापवण्याची कॉइल सुरू झाली की वर आणखी सात-आठशे. ब्रेकर पडला की तुम्हाला थंडी वाजते म्हणून तुम्ही उठता, पण त्याच वेळी बॅटरीचा चार्जरही बंद झालेला असतो. डिझेल हीटर पेटताना त्यातली तापणारी काडी काही मिनिटे आठ-दहा अँपिअर किंवा त्याहून अधिक वीज ओढते. बॅटरी अर्धी उतरलेली आणि मधली तार बारीक व लांब असेल, तर हीटरपर्यंत पोहोचेतो व्होल्टेज इतके पडते की काडी पुरेशी लाल होत नाही. डिझेलची नुसती वाफ होते, तोच तुमचा पांढरा धूर. आणि मग हीटर स्वतःला बंद करून घेतो. तुम्हाला अधिक थंडी वाजते, तुम्ही विजेचे हीटर अधिक चालवता, ब्रेकर पुन्हा पडतो.

तेव्हा हीटर उघडू नका. व्होल्टमीटर घेऊन हीटरच्या स्वतःच्या जोडणीवर, तो पेटण्याच्या प्रयत्नात असतानाच, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर मोजून काही कळणार नाही, कारण बॅटरी सभ्यपणे साडेबारा दाखवेल. हीटरपाशी आकडा अकराच्या खाली जात असेल तर आधी चार्जर रात्रभर एकटा चालू द्या, विजेचा एकच हीटर आणि तोही कमी शक्तीवर ठेवा, फ्यूजच्या डबीतले गंजलेले टोक पॉलिश पेपरने घासा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. पाँटूनवरून येणारी केबल गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून पसरा. गुंडाळलेली केबल एवढ्या भाराखाली तापते, आणि प्लगवर हात ठेवून तो कोमट लागला तर भार तात्काळ उतरवा.

ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवण्याचा मोह चार माणसांच्या बोटीवर होतोच. तो टाळा. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते, ती थंड भिंतींवर जमते, आणि मग गाद्यांखाली बुरशी. खिडक्या गच्च बंद असल्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर असतोच. त्याचा अलार्म बोटीवर नसेल तर हीटरचा सुटा भाग घेण्याआधी तो घ्या. आणि निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबतो, तेव्हा थंडीच्या सकाळी शेगडी मंद जळू लागली तर शेगडीला दोष देऊ नका. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिचे बर्नर दोनदा साफ केले होते. प्रोपेनच्या लाल सिलिंडरला ही अडचण नाही. फक्त रेग्युलेटर त्याला चालतो का, ते आधी पाहा.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. पहाटे चारला दंव पडलेल्या पाँटूनवरून एकट्याने जाताना लाइफजॅकेट घाला. डिसेंबरच्या पाण्यात पडलेला चांगला पोहणाराही पहिली एक-दोन मिनिटे केवळ धापा टाकत असतो. बाबांना तर काळोखात एकटे स्वच्छतागृहाकडे जाऊच देऊ नका. तुमच्याकडे सूर्य चारला मावळतो आणि आठला उगवतो, म्हणजे काळोख सोळा तासांचा असतो.

डोलकाठी
२१ डिसेंबर, रात्री ११.२०

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त असली तरी सी-कॉकची भीती मला थोडी अतिरेकी वाटते. माझी २६ फुटी बोट मुंबईत गेट वेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते. तीन वर्षांपूर्वी मी एक सी-कॉक बोट पाण्यात असतानाच बदलला. मित्राने बाहेरून बुडी मारून भोकात लाकडी बूच ठोकले, मी आतून जुना नग काढला, सील लावून नवा बसवला, आणि या सगळ्यात एक-दोन मग पाणी आत आले असेल. बाहेरून बूच घट्ट बसले की बोट जमिनीवर असल्यासारखीच असते. दोन आठवडे धास्तीत काढण्यापेक्षा एका दुपारचे काम बरे.

सागरगोटा
२२ डिसेंबर, सकाळी ६.५०

डोलकाठी, तुम्ही केले ते चुकीचे होते असे मी म्हणत नाही. परंतु तुमच्याकडे अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात आनंदाने बुडी मारणारा मित्र होता, नवा नग हातात होता, आणि काही बिनसले असते तर तासाभरात किनाऱ्यावरून पंप आणि माणसे आली असती. हॅम्बल नदीत या आठवड्यात पाणी आठ-नऊ अंश असेल, मित्र त्याच्या सासुरवाडीला गेलेला असेल आणि क्रेनची किल्ली कोणाच्या तरी खिशात, कोण जाणे कोणत्या गावी. शिवाय आतला आटे असलेला भाग सडलेला निघाला तर नवा नग बसवायला जागाच उरत नाही. मग ते बूच, तो मित्र आणि आठ अंशांचे पाणी यांच्यावर दोन आठवडे भिस्त ठेवावी लागेल. आणि मुख्य मुद्दा असा की त्या सी-कॉकमधून पाणी येते आहे, याचा अद्याप कोणताही पुरावा नाही.

पाणघर
२८ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मोजमाप पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे बाबांनी बजावले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि 'दर सहा तासांनी पातळी मोजून वहीत लिहा' हे वाक्य काकांच्या उत्तरात वाचल्यापासून बिल्ज त्यांच्या ताब्यात आहे. रात्री बाराची आणि सकाळी सहाची नोंदही ते स्वतः उठून घेतात. आल्यापासून प्रथमच ते बोटीवर रमलेले दिसले.

तीन चमच्यांचा प्रयोग रविवारी पाँटूनवर कॅम्पिंगच्या शेगडीवर केला. नदीच्या पाण्याच्या चमच्यात करकरीत पांढरा थर राहिला, पिण्याच्या पाण्याच्या चमच्यात चुन्यासारखी पुसट कड दिसली, आणि बिल्जच्या चमच्यात तीच पुसट कड व थोडी तेलकट काजळी. म्हणजे पाणी गोडे होते. ज्या सी-कॉकला मी लोखंडी नळी लावणार होतो, तो या प्रकरणात पूर्णपणे निर्दोष निघाला. त्याच्याभोवती गुंडाळलेला टिश्यू पेपर आजही कोरडा आहे, आणि शाफ्टच्या ग्लँडखालचाही.

ओला कागद सापडला तो गरम पाण्याच्या टाकीपाशी. टाकी चाळीस लिटरांची असून तिच्यावर दाब वाढला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे. त्याच्या तोंडाला नळी नाही, त्यामुळे त्यातून पडणारे पाणी थेट खाली बिल्जमध्ये जाते. बाबांच्या वहीत दोन रकाने समोरासमोर ठेवल्यावर दिसले की पाणी तापवण्याचा खटका लावला की पुढच्या तासा-दीड तासात पातळी वाढते. हिशेब केला तर तोही जुळला. चाळीस लिटर पाणी दहा अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापले की ते साधारण पावणेदोन टक्क्यांनी फुगते, म्हणजे सुमारे ६७० मिलिलिटर पाण्याला टाकीत जागा राहत नाही आणि ते व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. आम्ही दोघे असताना टाकी दोन दिवसांतून एकदा तापत असे, आणि आम्ही बहुधा आंघोळीला मरीनाच्या स्वच्छतागृहात जात होतो. आई-बाबा आल्यापासून ती दिवसातून तीनदा तापते. तीन वेळा म्हणजे दोन लिटर. व्हॉल्व्ह बिघडलेला नसून आपले काम चोख करत होता.

उरलेल्या लिटरभर पाण्याचा शोध पत्नीने लावला. न्हाणीच्या तळात तिने केकसाठी आणलेला लाल खाद्यरंग घालून दोन तांबे पाणी ओतले आणि दहा मिनिटांत बिल्जमध्ये गुलाबी ओघळ दिसला. न्हाणीच्या कडेचे सिलिकोन एका कोपऱ्यात सुटलेले आहे. ते काम पाण्याच्या पातळीच्या वरचे आणि बोटीच्या आतले असल्याने, म्हणजेच बिघडले तरी बोट बुडणार नाही अशा जातीचे असल्याने, मी शुक्रवारी स्वतः केले. जुने सिलिकोन पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, हीटरसमोर चार तास वाळवून मग नवे भरले. वाळवण्याची पायरी गाळली असती तर ते आठवडाभरही टिकले नसते, कारण या हवेत कोणताही कोपरा आपसूक सुकत नाही.

हीटरविषयी ताईंचे निदान तंतोतंत खरे ठरले. बॅटरीवर १२.३, आणि हीटरच्या जोडणीवर, पेटताना, १०.४. फ्यूजच्या डबीत हिरवी पूड भरलेली होती. ती घासली, चार्जर एक पूर्ण रात्र चालवला, विजेचा एक हीटर दुकानात परत केला, आणि बुधवारी सकाळी डिझेल हीटर पहिल्याच प्रयत्नात पेटला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता आई-बाबांच्या झोपायच्या जागेशेजारी आहे. लाकडी बुचे सातही सी-कॉकना बांधली आहेत.

एक शंका उरली आहे. जानेवारीपर्यंत रिलीफ व्हॉल्व्हचे तोंड थोडे आवळून ते ठिबकणे कमी करता येईल का?

पाणकोंबडी
२८ डिसेंबर, रात्री ८.१०

कृपया आवळू नका आणि त्याच्या तोंडाला कोणतेही बूच लावू नका. फुगलेल्या पाण्याला दुसरी वाट नसली तर ते टाकीचा सांधा फोडून वाट काढेल, आणि साठ अंशांचे पाणी कोणाच्या तरी अंगावर पडेल. व्हॉल्व्हच्या तोंडाला फक्त एक सैल नळी लावून तिचे दुसरे टोक दोन लिटरांच्या रिकाम्या बाटलीत सोडा आणि बाटली रोज रिकामी करा. बिल्ज कोरडे राहील, आणि उद्या खरोखर समुद्राचे पाणी आले तर ते लगेच ओळखू येईल. कायमचा उपाय म्हणजे गरम पाण्याच्या नळीवर रबरी पडद्याचे लहान एक्स्पान्शन व्हेसल बसवणे. पाणी फुगले की त्यातली हवा दबते आणि व्हॉल्व्ह उघडावाच लागत नाही. हे काम जानेवारीत करा, घाई नाही.

सागरगोटा
२९ डिसेंबर, सकाळी ७.००

तो सी-कॉक या वेळी निर्दोष सुटला, तरी न हलणारी झडप ही असून नसल्यासारखी असते. सिंकची नळी फुटली तर ती बंद करायला तुमच्याकडे काहीच नाही. ५ जानेवारीला यार्ड उघडताच क्रेनची तारीख मागा, आणि सातही झडपा बोट वर असताना एकदम तपासून घ्या. तोवर त्या नळीवर प्रत्येक टोकाला दोन-दोन ज्युबिली क्लिपा (नळी आवळणारे धातूचे पट्टे) आहेत का, तेवढे पाहा. नसल्यास दुसरी लावा, पण पहिलीला हात न लावता. आणि आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पाणघर
३० डिसेंबर, सकाळी १०.१५

नमस्कार पोहोचवला. बाटली कालपासून लावली आहे. सिंकच्या नळीवर वरच्या टोकाला दोन क्लिपा होत्या, खालच्या टोकाला एकच होती, ती कमतरता दुकान उघडताच आज भरून काढतो. क्रेनसाठी मार्चमधली तारीख मिळावी म्हणून यार्डाला ई-मेल करून ठेवला आहे. बाबांची आजची नोंद अशी: 'सकाळी ६. बाटलीत ६५० मिली. बिल्जमध्ये पाणी नाही, स्पंज कोरडा. बाहेर दंव. चहा झाला.'